परशाचा प्रोग्राम आणि पुलाचं पाणी

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. परशा सकाळी कॉम्प्युटर चालू करतो, दुपारपर्यंत एक तयार असतो!

मच्छे गावात आमचं छोटंसं सॉफ्टवेअरचं ऑफिस. निपाणीच्या सुनंदाआक्का प्रमुख, शिवाय मी आणि कणकुंबीकडचा परशा. त्याच्या गावच्या पुलाला पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवलेलं. त्याचे आकडे सर्व्हरवर घ्यायचे, फाइलीत साठवायचे आणि पाणी चढलं की गावाला मेसेज पाठवायचा, असं काम आलं. स्वतःच्या गावचं काम म्हटल्यावर परशाला आभाळ ठेंगणं झालतं.

पहिल्याच दिवशी त्यानं जुन्या आकड्यांची भलीमोठी फाइल एका दमात मेमरीत घेतली. सर्व्हर आडवा! आक्का म्हणाल्या, "सगळी टाकी डोक्यावर ओतून घेतलास व्हय रं? नळ सोडायचा, लागंल तसं घ्यायचं." तेव्हापासून फाइल अशी थोडी थोडी घेणाऱ्या स्ट्रीमला आमच्याकडं नळच म्हणतात.

---

फाइल लिहून होईपर्यंत थांब, हे प्रोग्रामला 'अवेट' लिहून सांगावं लागतं. परशा नेमकं तेच विसरला. स्क्रीनवर 'फाइल तयार' झळकलं, त्यानं लगोलग ती गिऱ्हाइकाला पाठवली आणि टाळीसाठी हात पुढं केला. उघडून बघतो तर कोरी. आक्कांनी ती नीट न्याहाळली आणि अक्षर लई सुंदर आलंय म्हणाल्या.

---

मग आकडे भराभर यायचे, डिस्कवर लिहिणं मागं पडायचं आणि मेमरी तुंबायची. आक्कांनी परशाच्या हाती पाण्याची कळशी दिली, बाटलीवर नरसाळं ठेवलं आणि ओत म्हणाल्या. उत्साहाच्या भरात त्यानं स्वतःची पँटच भिजवली.

"नरसाळं भरलं की हात थांबवायचा," आक्का म्हणाल्या.

परशा ओल्या पँटीतच कोड लिहायला बसला. जेवणाच्या सुट्टीआधी सगळं सुरळीत!

---

एका पावसाळी दुपारी स्क्रीनवरचा आकडा सरसर चढत पुलाच्याही वर गेला. मेसेज आपोआप सुटले. परशाला वाटलं, आपल्या कोडात घोळ झालाय, गाव उगाच घाबरंल, म्हणून तो प्रोग्राम बंद करायला निघाला. आक्कांनी त्याचा हात धरला आणि आधी घरी फोन लावायला सांगितलं.

फोन त्याच्या वडलांनी उचलला. परशानं विचारलं, "आप्पा, पुलाखाली पाणी किती हाय?"

"पुलाखाली कुठलं? पुलावरनं चाललंय. मेसेज बघूनच शाळेची गाडी अलीकडं अडवली मी. पोरं आपल्याच घरात हाईत."

परशा थेट खुर्चीवर चढला. "आप्पा, तो मेसेज माझ्या प्रोग्रामनं पाठवला!"

"असू दे. पोरांना भडंग पुरंना. येताना चिरमुरे आण."