डझन मोडलेल्या बांगड्या

भोगीच्या दिवशी सकाळी मी शबानाभाभींच्या दुकानात फुटक्या बांगड्या मागायला गेले. संक्रांतीची गर्दी, बायकांचे हात पुढे... आणि मी कोपऱ्यात उभी राहून म्हणतेय, "भाभी, काचेचे तुकडे असतील तर द्या ना."

भाभी आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. मनियारांचं घर, पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचा धंदा. त्यांनी काही न विचारता पिशवी भरून दिली.

तुकडे कशाला हवे होते, तर एका भिंतीसाठी.

माझे मिस्टर नागापूर एमआयडीसीत लेथवर कामाला. दिवाळीनंतर त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. बोलणं सुधारलं, पायातही थोडी ताकद आली... डावा हात मात्र तसाच.

फिजिओच्या मॅडम सांगायच्या, रोज हात उचलायचा प्रयत्न करा. सुरुवातीला केला त्यांनी. मग एक दिवस म्हणाले, "राहू दे आता. हा हात माझा नाहीच." त्यानंतर नुसते भिंतीकडे बघत पडून राहायचे.

मला त्या पांढऱ्या भिंतीचाच राग यायला लागला. आपलं माणूस दिवसभर जिच्याकडे बघतंय, ती इतकी कोरी कशी... तिच्यावर काहीतरी हलावं, चमकावं, एवढंच डोक्यात होतं. मला हातकामाची आवड पहिल्यापासून. साड्यांचे काठ, जुनी बटणं, काहीच टाकवत नाही. म्हटलं, खिडकीत काचेचं झुंबर करू.

घरी येऊन तुकडे पेपरवर पसरले आणि सासूबाई दारात येऊन थांबल्या. त्या तिसगावच्या. लेक आजारी पडल्यापासून आमच्याकडेच आहेत.

"फुटक्या बांगड्या टांगती व्हय आजारी मानसाच्या खोलीत?" त्या हळूच म्हणाल्या. "न्हाई बाई. हे न्हाई चालायचं."

आवाज चढला नव्हता, पण कापत होता. मी वाद घातला नाही. सगळं पिशवीत भरून ठेवलं आणि संध्याकाळी भाभींना परत नेऊन दिलं. कारणही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भाभीच वर आल्या, हातात बुटांचं खोकं. थेट सासूबाईंसमोर बसल्या. "आजी, ह्या बघा. ह्यातली एकही फुटलेली नाही. कुणाची एक गेली, कुणाच्या दोन... ह्यांचा फक्त डझन मोडलाय."

सासूबाईंनी एक बांगडी उचलली, नखानं टिचकी मारली, कानाशी धरून आवाज ऐकला. मग दुसरी. मग तिसरी... अख्खं खोकं त्यांनी असं वाजवून बघितलं. शेवटी खोकं माझ्याकडे सरकवलं. "चांगल्या हायेत. लाव."

भरतकामाची लाकडी रिंग घेतली, तिला नायलॉनचा पारदर्शक दोरा, तंगूस, बांधला आणि एकाखाली एक अशा बांगड्या सोडल्या. लाल, मोरपंखी, पिवळ्या, जांभळ्या. दोन दुपारी त्यातच गेल्या. पूर्वेच्या खिडकीत टांगलं तेव्हा वाऱ्यानं असा बारीक किणकिण आवाज आला की मी खाली बसूनच राहिले.

पण खरी मजा सकाळी होती. ऊन आलं आणि भिंतीवर रंगीत गोल उमटले... हलणारे, एकमेकांत मिसळणारे. पाण्याखालून बघावं तसं. एरवी ऊन आलं की हे डोळे मिटून घ्यायचे. पण त्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत.

मग रोजचंच झालं. ऊन वर चढेल तसे गोल भिंतीवरून उतरायचे, पलंगावर यायचे, चादरीवरून हळूहळू सरकायचे. हे त्यांच्यामागे नजर फिरवत राहायचे.

मागच्या आठवड्यात एक लाल गोल त्यांच्या डाव्या हाताजवळ येऊन थांबला. सासूबाई पायाशी बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी नुसता माझ्या पदराला हात लावला. मी बघितलं, तर ह्यांची बोटं चादरीवरून घसटत त्या गोलाकडे निघाली होती... जेमतेम बोटभर अंतर. पण पोचली. नखांवर लाल उजेड पडला.

"आई, बघितलं का?" हे म्हणाले. सासूबाईंनी मान हलवली आणि मेथीची परात घेऊन स्वयंपाकघरात निघून गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते.

हातात अजून कप धरता येत नाही, खोटं कशाला सांगू. पण मॅडम आल्या की आता हे स्वतःच म्हणतात, आधी हाताचं घेऊ.

परवा सासूबाई एसटीनं तिसगावला गेल्या, घर उघडून झाडून यायचं म्हणून. संध्याकाळी परत आल्या आणि ब्लाउजपीसमध्ये बांधलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. हिरव्यागार काचेच्या बांगड्या... जुन्या, जाड.

"मामंजी गेले तुजे, तवाच्या," त्या म्हणाल्या. "बाया फोडाया निघाल्या हुत्या. मी फोडू दिल्या न्हाईत. आपल्या हातानं काढल्या. ह्या बसतील का त्यात?"

रात्री नको म्हणून काल दिवसाउजेडी बसून त्या एकेक ओवल्या. ह्या वेळी टिचकी मारून बघायला सासूबाई जवळ आल्या नाहीत.

आज सकाळी ऊन आलं. हे जागेच होते. सासूबाई नेहमीसारख्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. हिरवे गोल भिंतीवरून उतरले आणि सरकत सरकत त्यांच्या मनगटांवर आले...

त्यांनी हात मागे घेतले नाहीत. मी पडदा अजून थोडा बाजूला केला आणि मनातल्या मनात शबानाभाभींचे आभार मानले.