उत्तम शेऱ्याची वही

कोरोनात शाळेला कुलूप लागलं तेव्हा माझ्या शाळेतली ती पोरगी पहिलीत होती आणि तिला जेमतेम वीसेक अक्षरं येत होती. कुलूप निघालं तेव्हा ती तिसरीत होती. मधल्या काळात तिच्या वहीच्या प्रत्येक फोटोखाली मी मोबाइलवर ‘उत्तम’ लिहिलं होतं.

विट्याजवळच्या आमच्या गावातले निम्मे बाप सोनं गाळायच्या धंद्यात परमुलखात असतात. तिचाही बाप तमिळनाडूत. तोही पालकांच्या ग्रुपवर होता. अभ्यास न पाठवणाऱ्या मुलांची नावं मी रोज संध्याकाळी तिथे टाकायचो. वरिष्ठांना ही कल्पना फार आवडली. एका ऑनलाइन बैठकीत साहेबांनी तिच्या वहीचं पान सगळ्या तालुक्याला दाखवलं आणि कुलूपबंद शाळेतून ज्ञानगंगा कशी वाहते, यावर तासभर बोलले. मी आवाज बंद करून भाजी निवडली. बैठकीची बातमी संध्याकाळी मीच ग्रुपवर टाकली.

शाळा उघडली तेव्हा मी तिला फळ्यावरचा ‘पाऊस’ वाचायला सांगितला. ती फळ्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. दुपारी तिच्या आईला बोलावलं.

“ती वही कोणी लिहिली?”

“म्या,” ती म्हणाली. “तिला जमंना. न्हाई धाडलं की तुमी ग्रुपात नाव टाकताय, आन् मग तिचा बा फोनवर माज्यावर वरडतोय. मी काय करायचं व्हतं, सांगा की.”

मी मोबाइलवरचे त्या वहीचे फोटो पुन्हा उघडले.

आई स्वतः चौथीत शाळा सोडलेली. दोन वर्षं लेकीचा अभ्यास करून तिचं अक्षर वळणदार झालं होतं. त्या काळात मी कोणाला शिकवलं असेल, तर तिला. अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.

“जत्रंला येणार हायत ते,” जाताना ती म्हणाली. “पोरीकडनं समद्यांम्होरं जत्रंची पत्रिका वाचून घेणार म्हणत्यात. तवर कायतरी करा, गुरुजी.”

जत्रेला दोन महिने होते. शाळा सुटल्यावर मायलेकी थांबायच्या. पोरगी अडली की आई पटकन शब्द सांगायची. “थांबा, तिला लावू द्या,” मी रोज म्हणायचो. रोज तेच, घसा कोरडा पडेपर्यंत. कंटाळा तिघांनाही आला होता. शेवटी पोरगी साधे शब्द वाचू लागली. जोडाक्षर आलं की मात्र गाडी थांबायची.

जत्रेच्या जेवणाला मला त्यांच्या घरी बोलावणं होतं. पंगतीला चुलते, मामा, शेजारी. बापाने पत्रिका लेकीच्या हातात दिली. तिने गावाचं नाव वाचलं, पालखीची वेळ वाचली. पुढे ‘कुस्त्यांचे मैदान’ होतं. तिथे ती अडली.

“कु...” ती म्हणाली. “कुस...”

“आगं, कु—” बाप सांगू लागला.

“थांबा,” दारातून तिची आई म्हणाली. “तिला लावू द्या.”

पंगतीत कोणीतरी हसलं. बापाचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे वळला. “आवं गुरुजी, मोबाइलवर तर लय भारी लिवत व्हती. तुमीच उत्तम म्हणत व्हता की.”

आईने पदर तोंडाला लावला. ताट माझ्यापुढे होतं, रस्सा निवत होता.

“मी वही बघत होतो,” मी म्हणालो. “मुलगी बघितलीच नाही. चूक माझी आहे.”

“मंग साहेबांनी दावली ती वही—”

“साहेबांनी फोटो दाखवला.”

तो आणखी काही विचारणार होता. पण एवढ्यात पोरीने पत्रिकेवरचं बोट पुढे सरकवलं.

“कुस्-त्यां-चे,” ती म्हणाली, आणि कोणाकडेही न बघता पुढच्या शब्दाला लागली.