आत्याच्या फटफटीचा मोटारीचा टायर

आमची आत्या वळणावर शिव्या द्यायची. सरळ रस्त्याला ती गवळण गुणगुणत फटफटी चालवायची, पण वळण दिसलं की तोंडाचा पट्टा सुटायचा. शिव्या कुणा माणसाला नसत, स्वतःच्याच गाडीच्या मागच्या टायरला असत. तो टायर मोटारीचा होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पिंपळवंडीच्या मळ्यात आत्या आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, आठ म्हशी सांभाळायचे. डिझेलवर चालणाऱ्या जड फटफटीला दोन्ही अंगांनी दुधाचे कॅन लटकवून मामा रोज नारायणगावच्या डेअरीवर जायचे. एका पावसाळ्यात मळ्याच्या चिखलात गाडी घसरली आणि मामांच्या मांडीचं हाड मोडलं. पाय कायमचा आखूड झाला. म्हशी काही दूध द्यायच्या थांबल्या नाहीत. आत्यानं काष्टा घट्ट केला, आठ दिवस मळ्यात गाडी शिकली आणि नवव्या दिवशी डेअरीवर हजर झाली. मला तेव्हा जवळच्या गावात शिक्षिकेची नोकरी लागली होती आणि मी तिच्याकडेच राहत होते.

त्या चिखलात आत्याही दोनदा पडली. दुसऱ्यांदा अंगभर दूध आणि राड घेऊन आली ती माझ्यापुढे सिद्धान्त मांडतच. "नंदे, ह्या टायराचं बूडच बारीक हाय. बूड रुंद असल्यावर कोण पडतं व्हय? माजं बघ. पाटावरनं कधी पडले का?"

नारायणगावच्या एका शेठजींची जुनी मोटार चिंचेखाली कोंबड्यांचं खुराडं होऊन उभी होती. आत्यानं कोंबड्या हुसकल्या आणि त्यातल्या त्यात बरं चाक काढून आणलं. वारूळवाडीच्या फिटरनं कपाळाला हात लावला. "आत्या, वळताना गाडी कलती. म्हणून तिचा टायर गोल असतो. ह्यो चपटा, ह्यो कलायचा न्हाई."

"मला काय सर्कशीत जायचंय? मला डेअरीत जायचंय. बसव."

त्यानं मागचा सांगाडा कापून रुंद केला, वेल्डिंग केलं आणि चाक बसवलं. चिखलात गाडी रणगाड्यासारखी गेली. फिटरचं म्हणणंही खरं ठरलं. वळणावर हँडल कितीही ओढलं तरी गाडी ताठ मानेनं सरळच जाऊ बघायची. पहिले पंधरा दिवस आत्या रोज कॅनसकट मारुतीच्या देवळाच्या आवारात शिरत होती, कारण देऊळ नेमकं वळणासमोर होतं. पुजाऱ्यानं हटकलं तर म्हणाली, "देवानं बोलावलं, आले. तुमचं काय जातंय?" माहेरी माझी आजी आयुष्यभर म्हणत आली होती, "ह्या पोरीला वळण न्हाई." हे ऐकल्यावर तिनं पुन्हा कधी ते वाक्य उच्चारलं नाही.

एकदा नारायणगावात हवालदारानं अडवलं. "बाई, हा टायर कारचा दिसतोय."

"मग, साहेब! मागनं बघितली तर कार हाय, पुढनं बघितली तर फटफटी. तुमी कुठनं बघताय?"

तो हसता हसता लायसन मागायचं विसरला. बरं झालं, कारण ते नव्हतंच.

मामा मात्र हसत नसत. माणूस सज्जन, पण ताठ. बायकोच्या मागे बसणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. लंगडत तीन किलोमीटर एस.टी.च्या फाट्यापर्यंत चालत जायचे. आत्या बाजूनं जाताना गाडी हळू करायची, तर हे शेजारच्या उसाकडे बघायचे. दोन वर्षं हे चाललं.

मग मामांच्या भाचीचं मंचरला लग्न निघालं. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं. त्या दिवशी न्यायला येणारी जीप चिखलात रुतली आणि मुहूर्ताला दीड तास उरला. आत्यानं गाडी चालू केली आणि मामांकडे न बघता म्हणाली, "भाचीला सांगते, मामा उसात हाय म्हणून."

मामा बसले. बायकोला हात लागू नये म्हणून मागची लोखंडी जाळी धरून, खांबासारखे ताठ. मी माझ्या मोपेडवरून मागे होते. मळ्याचं पहिलं वळण आलं आणि गाडी सरळ मक्याकडे निघाली.

"अहो, झुका!" आत्या ओरडली. "वीस वरसं ताठ बसलात, आता तरी झुका!"

मामांनी घाबरून तिचे खांदे धरले आणि तिच्याबरोबर अंग डावीकडे टाकलं. गाडी अशी अलगद वळली की आत्या शिवी द्यायची विसरली.

"हात्तिच्या! एवढंच व्हतं व्हय?" मामा म्हणाले.

"एवढंच व्हतं."

भाची वेळेवर बोहल्यावर आली. दुसऱ्या दिवसापासून मामा डेअरीवर जोडीनं जायला लागले. गावानं टिंगल केली, ती आठवडाभर पुरली. ते दोघं दहा वर्षं तसेच वळले.

मामा गेले ते थोड्याशा आजारानंतर, थंडीत. लग्न होऊन मी तेव्हा जुन्नरला होते. तेराव्याला आले आणि मुक्कामी राहिले. सकाळी आत्यानं दोन्ही कॅन भरून गाडी बाहेर काढली, तर फाटकात तिचे धाकटे दीर उभे.

"वहिनी, आता हे शोभत न्हाई. लोक काय म्हणतील? दूध आमी घालत जाऊ."

"किती दिवस घालशीला, भावजी?"

"बघू की."

"मग म्हशीला जाऊन सांगा, बघू म्हणून."

भावजी हलले नाहीत. आत्याही हलली नाही. तिच्या सासरच्या माणसांपुढे मी कधी मान वर करून बोलले नव्हते.  तेव्हाही नुसती पुढे झाले, भावजींच्या हाताखालून फाटकाची कडी काढली, फाटक ढकललं आणि आत्याच्या मागे जाऊन बसले.

डेअरी येईपर्यंत प्रत्येक वळणावर मी तिच्याबरोबर झुकले. माझा हात तिच्या खांद्यावर होता आणि खांदा सारखा थरथरत होता. डिझेलची गाडी, थरथरायचीच. मी तसंच समजले आणि हात काढला नाही.