अम्मीचा सेन्सर आणि वेल्ह्याची एसटी

ऑफिसात कुणाला नवा फोन घ्यायचा असला की ते आधी माझ्या टेबलाशी येतात. पुण्यातल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठं मोडू शकतं, ते लोकांच्या हातात जायच्या आधी मोडून बघायचं. त्यामुळे कॅमेरा किती भारी आणि स्क्रीन किती मोठी, यात मला फारसा रस नसतो. मी विचारते, नेटवर्क गेलं की हे काय करतं? बॅटरी संपत आली की आधी काय बंद पाडतं? आणि चुकलं तर चुकलं म्हणून सांगतं, की गप्प बसतं?

मनगटावरचं घड्याळ भर मीटिंगमध्ये ‘उठा, जरा चाला’ म्हणून थरथरायला लागलं तेव्हा मी ते काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. बोलणारा स्पीकर हौसेनं भोरला घरी नेला, तर अम्मीची मराठी त्याला कळेना. ती विचारायची एक आणि तो सांगायचा दिल्लीचं हवामान. शेवटी तिनं त्याच्यावर सुयांची डबी ठेवली. आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं यंत्र म्हणजे तिचं शिलाई मशीन. दोरा तुटला की त्याच क्षणी कळतं.

अम्मी भोरमध्ये एकटी राहते. अब्बा गेल्यापासून ब्लाउज शिवते. तिच्या हाताला इतकी गिऱ्हाइकं आहेत की लग्नसराईत मला फोनवर बोलायलाही तिला फुरसत नसते. साखरेचा त्रास जुना, रोज सकाळी इन्सुलिन. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सेन्सर सुचवला. रुपयाच्या नाण्याएवढी चकती, दंडावर चिकटवायची. रक्तातली साखर किती ते दर थोड्या वेळानं फोनवर दिसतं, आणि तिनं परवानगी दिली की माझ्याही फोनवर. मी ते सगळं वाचून, पारखून घेतलं. साखर खाली जायला लागली की आकड्याशेजारी खाली वळलेला बाण येतो, फारच उतरली की फोन ओरडतो. नेटवर्क गेलं की स्पष्ट लिहून येतं, ‘माहिती मिळत नाही.’ मला ते आवडलं. गप्प बसणारं यंत्र नव्हतं ते.

चिकटवताना अम्मी म्हणाली, “म्हंजी माझ्या अंगात काय चाललंय ते तुला पुण्यात दिसनार?”

“हो.”

“आन् तुज्या अंगात काय चाललंय ते मला हितं दिसनार का?”

मी हसले. ती हसली नाही, पण दंड पुढे केला.

त्या दिवशी सकाळी ती वेल्ह्याला निघाली होती. तिथं तिची एक मैत्रीण आहे. दोघी लहानपणी एकाच बाईकडे शिवण शिकल्या. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं आणि घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज अम्मीनं शिवले होते. भोरहून नसरापूर, तिथं गाडी बदलून वेल्हे. निघताना तिनं मला फोन केला, “नसरापूरला पोहे खाते आन् म्होरं जाते.” मी बरं म्हटलं आणि कामाला लागले.

मीटिंग चालू होती. काचेच्या खोलीत मी पडद्यावर काहीतरी दाखवत होते आणि टेबलावर पालथा ठेवलेला माझा फोन थरथरला. उलटा करून पाहिला. एकाहत्तर, बाण खाली. पोहे खाल्ले असतील तर आकडा वर जायला हवा होता. मी बोलत राहिले, पण डोळे फोनवर. पुढचा आकडा आला अठ्ठावन्न, लाल रंगात, बाण सरळ खाली. मग आकडा गेला आणि त्या जागी शब्द आले, ‘माहिती मिळत नाही.’

“एक मिनिट,” म्हणून मी बाहेर आले ती परत आत गेलेच नाही.

अम्मीचा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. तेच. मैत्रिणीचा नंबर फक्त अम्मीच्या फोनमध्ये. माझ्याकडे जगातले सगळे अ‍ॅप होते आणि त्या बाईचा नंबर नव्हता. रुग्णवाहिकेसाठी फोन केला. पलीकडच्या बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, “पेशंट आत्ता कुठं आहे?” मला सांगता आलं नाही. धावत्या एसटीत आहे, कुठल्या वळणावर आहे माहीत नाही. त्या म्हणाल्या, “ठिकाण कळलं की लगेच परत करा, आम्ही गाडी तयार ठेवतो.”

मी जिन्यात बसले. हात इतके थंड पडले होते की स्क्रीन बोट ओळखेना. अम्मीचं ठिकाण दाखवणारा ठिपका मार्गासनीच्या जवळ थिजला होता. तो किती जुना होता ते लिहिलेलं नव्हतं, आणि याच गोष्टीसाठी मी ऑफिसात लोकांशी भांडते. पण मार्गासनीनंतर विंझर येतं आणि विंझरला एसटी थांबते, एवढं मला माहीत होतं. गाडी अजून तिथं पोचली नसेल तर काहीतरी करता येईल. पोचून गेली असेल तर पुढचा विचार मला करायचा नव्हता.

नकाशावर विंझरची दुकानं शोधली. पहिला नंबर अस्तित्वात नव्हता. दुसऱ्यावर एक माणूस म्हणाला, दुकान केव्हाच विकलं, मी आता पुण्यात असतो. तिसरा नंबर उचलला गेला. किराणा आणि चहाचं दुकान, एका बाईचं.

“काकू, मी पुण्याहून बोलतेय. माझी आई वेल्ह्याच्या एसटीत आहे, तिची तब्येत…”

“ठेवा फोन.”

“काकू, ऐका…”

“हितं लाल अक्षरात आलंय, फसवनूक म्हनून. कालच असा फोन आलता. तुमच्या मानसाला दवाखान्यात टाकलंय, पैसं पाठवा. बाईमानूसच व्हती बोलाया.” आणि तिनं फोन ठेवला.

माझा नंबर माझ्याआधी कुणा कर्जवसुलीवाल्याचा होता. फोन कुणाचा आहे ते सांगणाऱ्या अ‍ॅपवर कित्येकांनी तो लाल करून ठेवला आहे. कितीदा तक्रार केली. दर वेळी आभाराचा मेसेज येतो आणि नंबर लालच राहतो. आजवर त्याचा त्रास म्हणजे कुरिअरवाला फोन उचलत नसे, इतकाच.

मी परत लावला. वाजत राहिला. परत लावला. आता बाई चिडलीच होती.

“काय पायजे तुमाला?”

मी काय बोलावं याचा विचार केला नाही. जे सुचलं ते बोलले. “काकू, मला काहीच नको. पैसे नकोत, नंबर नको, काही दाबायला सांगत नाही, तुमचं नावही विचारत नाही. फक्त दुकानाच्या बाहेर उभ्या राहा आणि वेल्ह्याची एसटी आली की तिला हात करा. एवढंच मागतेय.”

कुठंतरी भांडं ठेवल्याचा आवाज.

“आन् गाडीत तुजी आई नसली तर?”

“तर मला हव्या तेवढ्या शिव्या द्या.”

“वळखायची कशी?”

“डोक्यावरून पदर, चष्म्याला दोरी. मांडीवर मोठी पिशवी असेल, शिवलेल्या ब्लाउजची. तिला साखरेचा आजार आहे, काकू. साखर एकदम उतरलीय. बोलेल ती, पण धड बोलणार नाही.”

“व्हय, माज्या दिराला व्हतं तसं,” ती म्हणाली. तिचा सूर बदलला. “गाडी अजून आली न्हाई. फोन चालूच ठेव.”

मग मी फक्त ऐकत होते. चपलांचा आवाज. एक मोटरसायकल गेली. कुणीतरी विचारलं, “काय झालं, वैनी?” ती म्हणाली, “गाडी थांबवायचीया.” माझ्या शेजारून ऑफिसातली मुलं चहाला खाली जात होती. एकानं खुणेनं विचारलं, काय झालं? मी मान हलवली. मग लांबून एसटीचा तो खडखडाट आला. वाढत गेला. ब्रेक किंचाळले.

“अवो कंडक्टर! चष्म्याला दोरी असलेली बाई हाय का गाडीत? ब्लाउजची पिशवी?”

“काय झालं, मावशी?”

“आदी बगू द्या मला…”

आणि फोन कट झाला.

मी परत लावला नाही. लागला असता तर तिचा हात फोन उचलण्यात गुंतला असता. एवढं मला कसं सुचलं, देव जाणे. मी फोन दोन्ही हातांत धरून बसले. थोड्या वेळानं तो वाजला.

“हाय गं तुजी आई. मागच्या शिटवर हाय. घामानं निथळतीया. हाका मारल्या तर नुसती बगतीया.”

“गिळता येतंय का बघा. तोंडात चमचाभर पाणी घाला आधी.”

“गिळलं.”

“मग पाण्यात भरपूर साखर घाला आणि बसवूनच पाजा. आडवं करू नका. थोडं थोडं.”

“व्हय व्हय, कळतंय मला.” मग बाजूला कुणाला तरी, “साखर आन, चहाच्या डब्यातली न्हाई, त्यो मोठा डबा आन!” कंडक्टर म्हणत होता, “आमी थांबतो, घाई करू नका.” प्रवाशांचा गलका. चहाहून परतणाऱ्या एका मुलाचा फोन मागून घेऊन मी त्यावरून रुग्णवाहिकेला विंझरचं ठिकाण सांगितलं.

तेवढ्यात माझ्या स्क्रीनवर आकडा परत आला. एकोणपन्नास. मी तोंडावर हात धरला. आणि त्याच वेळी फोनमधून अम्मीचा आवाज आला, घोगरा, पण तिचाच. “माजी पिशवी कुठं हाय?”

आकडा खाली जातच होता आणि ती बोलत होती. हा सेन्सर रक्तातली साखर थेट बघत नाही, कातडीखालच्या पाण्यातली बघतो, म्हणून तो काही मिनिटं मागे असतो. हे मी वाचलं होतं, तिला समजावूनही सांगितलं होतं. तरी एका कानात ती आणि डोळ्यांसमोर तो लाल आकडा, अशी मी बसले होते आणि विश्वास कशावर ठेवावा ते मला ठरवता येत नव्हतं. ती पिशवीबद्दल भांडायला लागली तेव्हा कुठं मी श्वास सोडला.

रुग्णवाहिका आली, त्यांनी बोट टोचून साखर तपासली, ती चढायला लागली होती. अम्मीनं दवाखान्यात जायला साफ नकार दिला. मी टॅक्सी करून विंझरला पोचले तेव्हा ती दुकानाच्या फळीवर बसून भाकरी आणि पिठलं खात होती. दुकानवाली काकू समोर तिच्या पानावर लक्ष ठेवून बसलेली. मी काकूच्या पायाला हात लावायला वाकले तर ती मागे सरकली. “राहू दे. आदी तुज्या आयेला इचार, काय खाल्लं नव्हतं का सकाळधरनं.”

नव्हतंच खाल्लं. नसरापूरला उतरली तर वेल्ह्याची गाडी निघतच होती. पोहे राहिले, ती पळत जाऊन चढली. इन्सुलिन सकाळीच टोचलेलं. फोन पिशवीच्या तळाशी, ब्लाउजच्या घड्यांखाली. तो ओरडला असेल, पण एसटीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

“पर्समध्ये बिस्किटं असतात ना तुझ्या?” मी विचारलं. कळायला लागल्यापासून मी ती बिस्किटं बघत आले होते.

अम्मी घास चावत राहिली. मग म्हणाली, “न्हाई ठेवत आता.”

“का?”

“तू बगतीयास नव्हं तिकडनं. म्हनून म्या बगायचंच सोडलं.”

ती चिडून बोलली नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. पूर्वी तिला साखर उतरायच्या आधी कळायचं. ओठ बधिर व्हायचे, हाताची शिलाई वाकडी पडायची, की ती उठून गुळाचा खडा तोंडात टाकायची. चकती लावल्यापासून तिनं तिकडे लक्ष देणं बंद केलं होतं. हे मी कुठल्याच तपासणीत धरलं नव्हतं.

“आन् अख्खी गाडी थांबवलीस,” ती पुढे म्हणाली. आता मात्र राग होता. “समदी लोकं माज्याकडं बगत व्हती. मला घाम पुसायची सुदिक शुद्ध न्हाई आन् लोकं बगत्यात.”

“मग काय करायला हवं होतं मी?” माझाही आवाज चढला.

“जे केलंस ते बरूबर केलंस,” काकू मधेच म्हणाली. “दोगी गप बसा आता.”

वेल्ह्याला ब्लाउज पोचवायचे होतेच. त्याच टॅक्सीनं आम्ही पुढं गेलो. मैत्रिणीच्या दारात मांडव घातला होता. अम्मीनं झालेलं काहीच सांगितलं नाही. आल्या आल्या नवरीच्या आईला ब्लाउज घालून बघायला लावला आणि काखेत जरा उसवून परत टाके घातले. सुईत दोरा ओवायला तिला वेळ लागला. मी बघतेय हे तिला कळलं तेव्हा तिनं पाठ केली.

परतीच्या वाटेवर तिनं माझ्याकडं तिचा फोन दिला. “ते तुला दिसतं ते बंद कर.”

मी खूप बोलले. डॉक्टरांचं नाव सांगितलं, आज काय झालं असतं ते सांगितलं. शेवटी तिनंच तोडगा काढला. एसटीत बसली की चालू करणार, उतरली की बंद. घरी असताना फोन तिच्या मशीनच्या फळीवर राहणार आणि ओरडला तर तोच तिला सांगणार, मी नाही. बिस्किटं परत पर्समध्ये. मैत्रिणीचा आणि विंझरच्या काकूंचा नंबर माझ्याकडे. चालू-बंद करायचं कसं ते मी तिला गाडीतच शिकवलं. दोनदा चुकली, मग जमलं.

डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केलं. साखर परत तशी उतरली नाही. अम्मी दोनदा वेल्ह्याला जाऊन आली आणि दोन्ही वेळा माझ्या फोनवर आकडे उमटले, नसरापूरला, मार्गासनीला, मग काही काळ काहीच नाही, आणि वेल्ह्यात परत. उतरली की तिनं बंद केलं. बाकी दिवस माझ्या फोनवरची ती जागा रिकामी असते. काम करता करता मी ती उघडते, बघते, बंद करते. त्या रिकाम्या जागेची सवय मला अजून झालेली नाही.