मुहूर्तावर पेटवलेला फलक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सांगलीच्या विश्रामबागेत, शिवणकामाच्या नव्या दुकानाचे शटर उघडताना दुकानाची मालकीण विजेच्या धक्क्याने मरण पावली. माझ्या पोलीस सेवेतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे मिसळलेले नाही.

पंचनाम्यातील नोंदी थोड्या होत्या. शटरसमोर पाण्याचा सडा घातलेला. पायरीच्या कडेला बाईच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. शटरच्या वर तिच्याच नावाचा प्रकाशित फलक, त्याची चौकट लोखंडी. चौकटीपासून शटरच्या खांबापर्यंत झेंडूचे तोरण. आम्ही पोचण्यापूर्वीच वीज कंपनीच्या लाइनमनने विजेच्या खांबावरून दुकानांच्या त्या ओळीचा पुरवठा तोडला होता. मृतदेह मिरजेच्या सरकारी रुग्णालयात पाठवला आणि अकस्मात मृत्यूची नोंद घेतली.

बाईचा नवरा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, मूळचा जत तालुक्यातला. दुपारी तो गावाकडच्या माणसांसह ठाण्यात आला. फलकाचे काम करणाऱ्या मिरजेच्या वायरमनने निष्काळजीपणा केला, अशी त्याची तक्रार होती. वायरमनचा फोन बंद होता. बाहेर जमलेली माणसे "वायरमनला आमच्या हवाली करा" म्हणत होती.

संध्याकाळच्या आत आमच्या जमादारांनी वायरमनला बहिणीच्या घरून आणले.

"काय गड्या, बहिणीला सोनं द्यायला फोन बंद करून जातात व्हय?" जमादार म्हणाले.

"मारतील म्हणून गेलो, साहेब," वायरमन म्हणाला. "पर बोर्ड मी जोडलाच न्हाई."

"मग आपोआप पेटला?"

"अर्थिंग व्हायचं होतं. माझा टेस्ट रिपोर्ट गेल्याबिगर महापालिकेची परवानगी येत न्हाई. मी म्हणलं, सणानंतर करू. हवालदारसाहेब म्हणले, मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबतोय? मी वायरीची टोकं टेप मारून ठेवली नि आलो."

फोन बंद करून पळालेल्या माणसाच्या या बोलण्यावर ठाण्यात कोणाचा विश्वास बसला नाही. त्याला अटक झाली असती तर परवाना गेला असता. पाच माणसांचे घर त्या परवान्यावर चालत होते. मी त्याला बसवून ठेवले, अटक दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोरचा चहावाला जमादारांना बाजूला घेऊन म्हणाला, "आवं जमादार, त्या वायरमनला कशाला धरलंय? दसऱ्याला दिवस मावळताना शिडीवर दुसरंच माणूस हुतं."

"कोण?"

"ते मी सांगायचं न्हाई. मयताच्या घरचं हाय. तुमी बोर्डाची वायर कुठं जाती तेवढं बघा."

विद्युत निरीक्षकांना बोलावले. दोन पंचांसमक्ष दुकानाचा मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून पंचांच्या हातात दिले. लोकांना रस्त्यापलीकडे उभे केले आणि लाइनमनला पुरवठा जोडायला सांगितला.

फलक पेटला. दुकानात अंधार होता आणि वर बाईचे नाव दिसत होते.

वायर तोरणाच्या आडून शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली होती. जोड चौकटीच्या आतल्या बाजूला होता. त्याची टेप सुटली होती आणि उघडी तार लोखंडाला टेकत होती. तोरण दोऱ्यात नव्हे, बारीक तारेत ओवले होते. त्या तारेतून वीज शटरमध्ये उतरली. आदल्या रात्री शटर खाली ओढताना पायरी कोरडी होती आणि पायांत चपला होत्या, म्हणून कोणाला काही झाले नाही. दुकान उघडताना सडा घालून, चपला काढून, शटरला हात लावून नमस्कार करायची पद्धत आहे. बाईने तेच केले होते.

झेरॉक्सवाल्याने जबाब दिला. "हवालदारसाहेबांनी एका रात्रीपुरती लाइन मागितली. स्वतःच जोडली. दसऱ्याच्या दिवशी शेजाऱ्याला नको कसं म्हणायचं, साहेब?"

वायरमनला सोडून दिले. तो जिना उतरून गेला, वर पाहिले नाही.

रक्षाविसर्जन होईपर्यंत मी नवऱ्याला बोलावले नाही. तो एकटा आला आणि सांगूनही खुर्चीवर बसला नाही.

"फलक कोणी जोडला?"

"मी."

"हे काम येतं तुम्हाला?"

"फौजेत जनरेटरवर होतो. लय वेळा केलंय."

"वायरमन नको म्हणाला होता."

"म्हणला होता. तिची आई गावाकडनं आली होती. म्हातारीला वाचता येत न्हाई. म्हणली, लेकीचं नाव पेटल्यालं बघून जाते. पेटवला. म्हातारी खाली उभी राहून रस्त्यानं जाणाऱ्याला सांगत होती, माझ्या लेकीचं हाय म्हणून."

"मग तक्रार वायरमनविरुद्ध का दिली?"

"म्हातारी अजून घरातच हाय, साहेब. तिला काय सांगू? तुमची लेक मी मारली?"

जमादार खिडकीशी जाऊन उभे राहिले.

पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात ग्राह्य धरली जात नाही. झेरॉक्सवाल्याचा व शेवटी नाव सांगायला तयार झालेल्या चहावाल्याचा जबाब आणि विद्युत निरीक्षकांचा अहवाल यांवर हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला. सेवेत मला असे दिसले आहे की, घरात मृत्यू झाला की माणूस पहिले बोट बाहेरच्याकडे दाखवतो, आणि बहुतेकदा तो खोटे बोलण्याच्या विचारात नसतो. या माणसाने मात्र ते बोट विचार करून दाखवले होते. न्यायालयात त्याने वकिलाचा सल्ला डावलून गुन्हा कबूल केला. त्या दिवशी सासू मागच्या बाकावर बसली होती. दोघे एकत्र आले नाहीत आणि एकत्र गेले नाहीत.

शिक्षा भोगून झाल्यावर तो जप्त मुद्देमाल नेण्यासाठी ठाण्यात आला. जमादारांनी फलक, वायर आणि चपला टेबलावर मांडल्या. फलक नको, असे त्याने लिहून दिले. चपलांचा जोड पिशवीत घातला, पोच म्हणून सही केली आणि तो एसटी स्टँडच्या दिशेने चालत गेला.