शुक्रवार पेठेतील न विझलेली गोदी

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या जहाजाला आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले. एवढे निर्विवाद. ती आग विझवण्याचे काम सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत, १९७७ पर्यंत चालू होते, हे मात्र लोकांच्या लग्नाच्या फोटोंवरूनच सिद्ध करावे लागते.

नबीलाल दुकानांच्या पाट्या रंगवीत. त्यांचा थोरला भाऊ नबीसाब गोदीत हमाल होता. स्फोटानंतर त्याची खबर आली नाही. खबर नाही म्हणून आईने त्याच्या नावाची, मेलेल्यांसाठी पढतात ती फातेहा कधी पढू दिली नाही, असे नबीलाल यांच्या पत्नी मदिनाबी सांगतात.

१९७४ साली स्टुडिओचे मालक शिवलिंगप्पा यांनी नवरानवरीच्या मागे टांगायला समुद्राचा पडदा मागितला. नबीलाल यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांनी सिद्धेश्वर तलावासारखा पायऱ्यांचा समुद्र काढला, त्यात जळती गोदी, आणि ज्वाळांच्या मधोमध बोटाएवढा एक हमाल.

पहिल्याच नवरीची सासू महादेवी कडाडली, "माझ्या सुनेच्या मागं आग कुणी लावली गं बाई?"

"नबीलालभाई, झाका ते," शिवलिंगप्पा म्हणाले. "वर बाग काढा की, कारंजं काढा."

"मालक, आत माणूस हाय."

"तुमीच काढलाय न्हवं? पुसा!"

"त्यो भायेर आल्याबिगर रंग न्हाय चढवनार. बंब आणतो."

पुढच्या फोटोत खरोखरच लाल बंब चाके बुडवून समुद्रात उभा आहे. त्यानंतरच्या प्रत्येक लग्नसराईत ज्वाळा खाली बसतात आणि हमाल डावीकडे, पायऱ्यांकडे सरकतो. शिवलिंगप्पांनाही हळूहळू त्याची काळजी लागली असावी. कॅमेऱ्यामागून ते ओरडत, "नवरदेव, जरा बाजूला व्हा. मागच्याला वाट द्या!"

मे १९७७ च्या फोटोत नुसता धूर आहे. करमाळ्याचा नवरदेव, डोक्यावर भला थोरला फेटा, नेमका पायऱ्यांसमोर उभा. त्याच पावसाळ्यात नबीलाल वारले. दिवाळीनंतरच्या फोटोंत त्याच पडद्यावर बाग आहे, कारंजे आहे.

"ह्यांनीच रंगवली ती," मदिनाबी ठामपणे म्हणतात. "म्हंजे भावजी भायेर आलं की." फातेहा त्यांनी आजही पढवलेली नाही. शिवलिंगप्पांना बाग कुणी रंगवली ते आठवत नाही.

मे महिन्यात हमाल पायऱ्या चढून गेला होता, की फेट्याआड उभा होता, हे माहीत नाही. बाग कुणी रंगवली, हेही माहीत नाही.