जावयाच्या शर्टातलं बाळ

अश्विनीच्या बाळाचे तळपाय परत गार लागले, तेव्हा मी वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात विचारलं, "आता कुणी शाल सोडली हिची?" कॉटभोवती झरीहून आलेल्या नात्यातल्या बायका उभ्या होत्या आणि सगळ्याजणी खिडकीकडं बघत होत्या.

मी स्टाफ नर्स आहे, परभणी जिल्ह्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात. आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. मराठवाडा म्हटलं की त्यांना ऊनच आठवतं. पण हिवाळ्यात एखादी लाट अशी येते की सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. आणि आमच्या इमारती बांधलेल्या उन्हाळ्यासाठी. उंच छत, मोठ्या खिडक्या, गार फरशी. त्यात वॉर्डातली एक काच फुटलेली. तिथं आम्ही सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा लावलेला. काच बसवा म्हणून मी दिवाळीपासून सांगत होते आणि दर वेळी "बघतो सिस्टर" हेच उत्तर. बघून काच बसत नाही.

अश्विनीचं हे पहिलं बाळ, मुलगी. दिवस भरायच्या आधी झालेली, वजन दोन किलोच्या आत. अशा बाळांच्या अंगावर चरबी नसते, त्यामुळं स्वतःची ऊब राखता येत नाही. पोट गरम आणि पाय गार लागले तर समजायचं, बाळ झगडतंय. पोटही गार पडलं की ते सुस्तावतं, दूध ओढत नाही, आणि मग जिवावर बेतायला वेळ लागत नाही. आमच्याकडं वॉर्मर म्हणजे बाळाला वरून ऊब देणारं मशीन एकच, त्यात दुसरं बाळ होतं. त्यामुळं मी कांगारू केअर सुरू केलं. नाव मोठं आहे, काम सोपं. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालायचा, आईच्या उघड्या छातीला लावायचं आणि वरून दोघांना एकत्र गुंडाळायचं. माणसाच्या अंगाची ऊब कुठल्याही मशीनइतकी चांगली चालते. फक्त बाळ तिथून काढायचं नाही.

आणि तेच तर होत नव्हतं. आपल्याकडं बाळंतिणीला भेटायला आलं की बाळाचं तोंड बघायचं असतं. तोंड बघितलं की हातपाय बघायचे. नाक कुणावर गेलंय ते ठरवायचं. मी गुंडाळून पाठ फिरवली की कुणीतरी शाल सोडायचं. एक आत्या जाते तर मामी येते, मामी जाते तर शेजारीण. मी समजावलं, रागावले, दारावर कागद चिकटवला. त्या कागदाखाली उभ्या राहून बायका बाळ बघत होत्या. बोलून बोलून माझा घसा बसला. अश्विनीला विचारलं, तू त्यांना 'नको' का म्हणत नाहीस? तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मोठ्या माणसांना कसं न्हाई म्हणू, सिस्टर?"

एकवीस वर्षांची पोर ती. तिच्यावर ओरडून काय उपयोग होता?

दुपारच्या राउंडला डॉक्टर मॅडमनी टेंपरेचर बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत स्थिर झालं नाही तर परभणीला रेफर करू." रेफर म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवणं. बरोबरच होतं, पण त्या वाऱ्यात, फटीफटीतून गार हवा येणाऱ्या गाडीतून एवढंसं बाळ न्यायचं म्हणजे ते वाटेतच गार पडायचं.

त्याच वेळी जिंतूरहून बाळाचा बाप आला. गजानन त्याचं नाव. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे हा इथं जावई. त्याच्या सासूबाईंनी, म्हणजे अश्विनीच्या आईनं, डोक्यावर पदर ओढला, बाकीच्या बायका कॉटपासून चार हात मागं सरकल्या. बसायला एकच खुर्ची होती, ती पुसून त्याला दिली. मी ते बघितलं आणि माझं डोकं चाललं.

"गजानन, शर्टाची बटणं काढा," मी म्हणाले.

तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. सासूबाई पदराआडून माझ्यावरच घसरल्या. "जावयाला उघडं बसवायलाव का तुमी? बायांच्या वॉर्डात? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते मला सांगा. बाळ गार पडलं तर काय होईल ते मी तुम्हाला सांगते," मी म्हणाले आणि पडदा ओढला. गजाननला बटणं काढायला वेळ लागला. पण बाळ छातीला लागलं तसा तो एकदम शांत बसला. वरून शर्ट, शाल, त्यावर त्याचंच जॅकेट. बाहेर फक्त टोपीचं टोक.

थोड्या वेळानं अश्विनीची पिंगळीची मावशी आली. पडद्याआड डोकावली, जावई बघितला, जीभ चावली आणि मागं फिरली. मग आणखी दोघी आल्या, त्याही दारातूनच "बरं हाय ना?" विचारून गेल्या. जावयाच्या शर्टाला हात लावायची कुणाची बिशाद होती? सकाळपासून मी जे ओरडून करू शकले नाही, ते त्या माणसानं तोंडातून एक शब्द न काढता केलं. अश्विनी पहिल्यांदाच गाढ झोपली. दूध पाजायला तेवढं बाळ तिच्याकडं, की परत बापाकडं.

संध्याकाळी मॅडमनी पोटाला हात लावला, मग तळपायाला. दोन्ही गरम. थर्मामीटरनंही तेच सांगितलं. "राहू द्या इथंच," त्या म्हणाल्या. मला हसावं की रडावं कळेना. पुढं वजन वाढून बाळ घरी गेलं तेव्हा सासूबाईच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, आमच्या जावयानं लेक छातीवर वाढवली म्हणून.

पुठ्ठा अजून तिथंच आहे, नवा लावलाय एवढंच. दारावरचा कागद मात्र मी काढून टाकला. आता थंडीत बारीक बाळ आलं की मी नातेवाइकांना समजावत बसत नाही. एवढंच विचारते, जावई कुठं आहेत?